विचारा की काकूंना : चौघी मैत्रिणी, दोन ग्लास आणि रताळ्याची प्लेट

पाऊस लागला की बेळगावकराला घरात बसवत नाही. यंदा या पावसात माझ्याकडं पत्रं आलीत ती मात्र बिअरची. कुणाच्या गल्लीच्या तोंडाला, कुणाच्या ओळखीतल्या जुन्या कौलारू बंगल्यात बिस्ट्रो निघालंय. आठ-दहा टेबलं, पिवळे दिवे, फळ्यावर खडूनं लिहिलेली बिअरची नावं. जावं की नको, गेलं तर मागवायचं काय, बिल एवढं कसं, असे प्रश्न. आमचं खडेबाजारात लॉजिंग होतं, खाली बार, सीएल-सेव्हनचं म्हणजे लॉजिंगसोबत बार चालवायचं लायसन. माल आणणं आणि अबकारीवाल्यांची ऊठबस मालक बघायचे, गल्ल्यावर मी. म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडं ढकलला, आणि मी काही नको म्हटलं नाही.

काकू, आम्ही चौघी भिशीतल्या मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. टिळकवाडीत नवीन बिस्ट्रो झालंय, तिथं जायचं मनात आहे. माझ्या लेकीनं बेंगळूरला अशा ठिकाणी नेलं होतं, मजा आली होती. पण इथं ओळखीची माणसं फार. शिवाय चौघींतल्या दोघी अजिबात घेत नाहीत. मेनू सगळा इंग्रजी, बिअरची नावं डोक्यावरनं जातात. जावं काय? आणि गेलो तर सुरुवात कशी करायची? — एक वाचक, शहापूर

जा की! ओळखीची माणसं भेटणार हे धरूनच चला. बेळगावात कुठंही बसा, कुणीतरी ‘तुम्ही अमक्यांच्या सूनबाई नव्हं?’ म्हणत येतंयच. पण ते माणूस तुम्हाला बिस्ट्रोत दिसलं म्हणजे तेही बिस्ट्रोतच होतं ना? मग कोण कुणाला काय सांगणार!

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी साडेसहाच्या सुमाराला जा. त्या वेळी आचारी ताजा असतो, तेल सकाळपासनं उकळलेलं नसतं, पोऱ्यांना दोन वाक्यं बोलायला सवड असते. गाण्याचा आवाजही आठनंतरच वाढवतात. व्हरांड्यातलं टेबल असेल तर तेच धरा. पावसाचं झड आत येत नाही ना तेवढं बघून घ्या, म्हणजे मध्येच ताटं उचलून पळावं लागणार नाही.

आता मेनू. तिथं पंधरा नावं असली तरी आत घराणी चारच सापडतील. गव्हाची बिअर असते, ती गढूळ, मऊ, कडू जवळजवळ नाहीच. लागर किंवा पिल्सनर म्हणजे आपल्या नेहमीच्या बाटलीतली, पण जरा नीट बनवलेली. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, ती कडू, कारण त्यात हॉप्स सढळ हातानं घातलेले असतात. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. आपल्या देशात हिमाचलात लाहौलकडं थोडी पिकतात, बाकी बाहेरनंच येतात. आणि स्टाउट, काळी, भाजलेल्या बार्लीची, कॉफीसारख्या वासाची. कॉफीची सवय असलेल्या बाईला ती पहिल्या घोटात आवडते, आणि ‘काळी म्हणजे कडक’ हे खरं नाही. बऱ्याच स्टाउट पाच टक्क्यांच्या आत-बाहेर असतात, आपल्या दुकानातली पिवळीधमक स्ट्राँग त्यापेक्षा कितीतरी चढी. पहिल्यांदा जाताय, तर एकीनं गव्हाची घ्या, दुसरीनं स्टाउट, आणि मध्ये ग्लास बदलून बघा. आयपीए पुढच्या खेपेला.

बिअर नळाची असेल तर आधी चव मागायची. दोन घोट छोट्या ग्लासातनं देतात, त्याचे पैसे लावत नाहीत. कॅन किंवा बाटली फोडून कुणी चव देणार नाही, ते मागू नका. आणि नळाची घेताना एक प्रश्न विचाराच : ‘पिंप कधी लावलं?’ आमच्या गल्ल्यावर हा प्रश्न आला की पोऱ्या ताठ उभा राहायचा. गिऱ्हाईक जाणतं आहे हे त्याला कळतं, आणि मग ग्लासही नीट धुतलेला येतो.

ग्लासाचं सांगते, कारण याच्याइतकं दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडं होत नाही. ग्लास टेबलावर आला की काचेकडं बघा. बुडबुडे तळातनं सरळ वर जात असतील तर ठीक. पण ग्लासाच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी बुडबुड्यांचा पट्टा चिकटून बसलाय, हलतच नाही, असं दिसलं तर तिथं तेलकट आहे, किंवा साबण राहिलाय. अशा ग्लासात फेस धरत नाही, दोन मिनिटांत बिअर चहाच्या पाण्यासारखी सपाट. आमच्याकडं बिअरच्या ग्लासांचं टब वेगळं होतं. दुधाचा, लस्सीचा ग्लास त्यात पडला की मी स्वतः टबातलं पाणी ओतून द्यायची. स्वच्छ ग्लासात बिअर खाली उतरते तशा फेसाच्या कडा मागं राहतात, जाळीसारख्या. ते दिसलं की त्या ठिकाणी पुन्हा जायला हरकत नाही. फेस दोन बोटं हवाच. ‘फेसानं ग्लास भरला’ म्हणून भांडू नका, बिअरचा निम्मा वास त्यातच असतो.

खायला रताळ्याच्या फिंगर्स दिसल्या तर मागवा. आपल्या तालुक्यातली रताळी ट्रक भरभरून उत्तरेकडं जातात आणि आपण ती उपवासालाच खातो. बिस्ट्रोवाले त्यांच्या सळ्या कापून तळतात, वर तिखट-मीठ. गव्हाच्या बिअरबरोबर हे उत्तम. झणझणीत काही घेणार असाल तर त्याच्यासोबत आयपीए नको, कडूपणानं तिखट आणखी भडकतं. चंदगडकडचे काजू भाजून, मिठाचं पाणी मारून दिलेले असतील तर मग दुसरं काही नसलं तरी चालतंय.

आणि ही माझी स्वतःची खोड : स्टाउटबरोबर कुंदा. हसू नका. कुंदा म्हणजे दूध-खवा तांबूस होईस्तोवर आटवलेला, त्याला एक करपट गोडवा असतो. स्टाउटमध्ये तोच करपटपणा भाजलेल्या बार्लीतनं आलेला, फक्त गोडाशिवाय. चमचाभर कुंदा, त्यावर घोट. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणतील, तर आधी विचारा. एखादा बिस्ट्रोवाला हे वाचत असेल तर त्यानं कुंदा मेनूवरच घालावा. ब्राउनी काय, सगळ्या गावांत मिळते.

न घेणाऱ्या दोघींसाठी कोकम सोडा, लिंबू सोडा असतंच. त्यांना ‘थोडी घे गं, काही होत नाही’ एवढं एक वाक्य म्हणायचं नाही. या वाक्यानं उठलेली टेबलं मी बघितलीत. आणि बिल चार भाग करून त्यांच्या माथी मारू नका. वेगळं काढणं सोपं आहे : जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, बिअरवर जीएसटीच नाही, त्यामुळं बिलात दोन्ही रकमा वेगळ्याच छापलेल्या असतात. सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर काढा म्हणून सांगता येतं, तो ऐच्छिक आहे. पोऱ्यानं चांगलं बघितलं असेल तर तेच पैसे त्याच्या हातात द्या.

मी सेवानिवृत्त. मुलानं हौसेनं क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या उत्पादकांची बिअर, पाजायला नेलं. ग्लास आला तो गढूळ, ताकाच्या निवळीसारखा, आणि चक्क केळ्याचा वास. मी परत पाठवला. मॅनेजर म्हणाला, ‘ही अशीच असते.’ मुलगा मलाच गप्प बसवायला लागला. नासलेली बिअर खपवत होते, असं माझं ठाम मत आहे. आपलं मत? — एक वाचक, निपाणी

मॅनेजर बरोबर होता, आणि तुम्ही परत पाठवलीत तेही बरोबर. पैसे आपण देतो, शंका आली तर विचारायचं.

तुम्हाला दिली ती जर्मन धाटणीची गव्हाची बिअर. तिच्यात केळं घातलेलं नसतं. यीस्टची एक जात आहे, ती जरा उबेत, वीस-बावीस अंशांवर आंबवायला घातली की आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं द्रव्य सोडते. पिकल्या केळ्याच्या वासातलं मुख्य द्रव्य तेच. नीट हुंगलं असतं तर मागं लवंगेचाही वास आला असता, तोही त्याच यीस्टचा. आपल्या नेहमीच्या लागरचं यीस्ट दहा अंशांच्या आसपास गारव्यात, सावकाश काम करतं, त्यामुळं तिला असले वास येत नाहीत. इडलीचं पीठ उन्हाळ्यात चढतं आणि थंडीत अडतं, तसाच हा उबेचा खेळ. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा. बाटलीची असेल तर पोऱ्या शेवटचे दोन घोट ठेवतो, बाटली हातात फिरवतो आणि तळाचा गाळ मुद्दाम ग्लासात ओततो. तुमच्यासमोर त्यानं तसं केलं असेल तर तुम्हाला राग आला असणारच.

खरी नासलेली कशी ओळखायची तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा गप्प बसेल. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी. शिरक्याचा आंबूस वास आणि नळाची बिअर, म्हणजे नळ्या धुतलेल्या नाहीत. त्या पंधरा दिवसांतनं एकदा तरी धुवायच्या असतात. लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास लागरला आला तर आंबवणं घाईत उरकलंय, नाहीतर पुन्हा नळ्याच. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीला उग्र, जनावरी वास येत असेल तर ती उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेली. उजेडानं हॉप्सचं असं होतं, म्हणून तर बाटल्या तपकिरी करतात. आणि कॅन असो की बाटली, भरल्याची तारीख वाचा. दारू जुनी चांगली म्हणतात ते बिअरला लागू नाही. त्यातनं आयपीए तर जितकी ताजी तितकी बरी, हॉप्सचा वास आधी उडतो आणि नुसता कडवटपणा मागं उरतो.

निपाणीकरांनी तंबाखूच्या वखारीतनं नुसत्या वासावर प्रती ठरवल्यात. तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे, त्याला फक्त ही नवीन ओळख नव्हती.

काकू, मी उद्यमबागमध्ये फाउंड्रीत आहे, वय २६. दोस्त ओढून बिस्ट्रोत नेतात. दुकानातली ६५० मिलिची स्ट्राँग जेवढ्याला येते, त्याच्या दुप्पट पैसे एका ग्लासाला, आणि त्यात चढत पण नाही. हे श्रीमंतांचं खूळ आहे की यात काही अर्थ आहे? — एक वाचक, अनगोळ

बाळा, चढण्यासाठी जायचं असेल तर जाऊच नको, पैसे वाया. पण आधी हिशेब कर. तुझी ६५० मिलि बाटली ८ टक्क्यांची, म्हणजे पोटात ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल गेलं. व्हिस्कीचा ३० मिलिचा पेग ४२.८ टक्क्यांचा, त्यात १३ मिलिच्या आसपास. म्हणजे तू ‘एक बिअर’ म्हणतोस ते चार पेग आहेत. बिस्ट्रोतला ३३० मिलि ग्लास ५ टक्क्यांचा असेल तर साडेसोळा मिलि, सव्वा पेगाच्या आसपास. आणि ऑर्डर देताना मिलि विचारत जा. आपल्याकडं पाइंट म्हटलं की ३३० ची बाटली, पण ग्लासातला पाइंट कुठं ३३० असतो, कुठं ५००. इंग्लंडातला तर ५६८. फळ्यावर नुसतं ‘पाइंट’ लिहून दर लावलेला असेल तर तुलना कशाशी करणार?

महाग का, याची काही कारणं खरी आहेत. मोठे कारखाने बार्लीबरोबर तांदूळ, मका, साखरही वापरतात, त्यानं माल स्वस्त पडतो. छोटा उत्पादक बहुतेक सगळा माल्टच, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, घालतो, हॉप्स बाहेरनं आणतो, आणि हजार लिटरला जेवढी माणसं लागतात तेवढीच त्याला थोड्या मालालाही लागतात. वरनं राज्यानं बिअरवरचा कर गेल्या काही वर्षांत वाढवत नेलाय. बाकीचे पैसे जागेचे. टेबल, दिवा, पंखा, ग्लास धुणारा, आणि दोन तास कुणी ‘आणखी काय?’ म्हणून डोक्यावर उभं राहत नाही, याचे. आमच्या बारमध्ये रिकामा ग्लास घेऊन कुणी अर्धा तास बसला तर मालक मला डोळ्यांनी खुणवायचे. बिस्ट्रोवाल्याला तसं करता येत नाही, तो बसण्याचेच पैसे घेतो.

तेव्हा पगाराच्या आठवड्यात एक ग्लास, दोस्तांबरोबर दोन तास. फार गार मात्र मागू नको. स्टाउट दहा-बारा अंशांवर बरी लागते, बर्फासारखी केली की जीभ बधिर होते आणि मग दुप्पट पैसे कशाचे दिले ते कळतच नाही. भट्टीसमोरनं थेट येणार असशील तर आधी दोन ग्लास पाणी पी. तहान बिअरनं भागवायची नाही.

मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजला आहे. आम्ही नवरा-बायको त्याला बिस्ट्रोत घेऊन जावं काय? आमच्यासमोर एक ग्लास घेतला तर बिघडलं कुठं, असं यांचं म्हणणं. — एक आई, हिंदवाडी

घेऊन जा, जेवू दे, गप्पा मारू दे. ग्लास नाही. कर्नाटकाच्या अबकारी नियमांत २१ च्या आतल्याला दारू वाढायला लायसनदाराला बंदी आहे. तुमच्या लाडापायी त्या बिस्ट्रोवाल्याचं दुकान धोक्यात कशाला? आणि यांना म्हणावं, घरातली शिस्त हॉटेलात जाऊन सैल करायची नसते.

आम्ही चंदगड तालुक्यातले. बेळगावला खरेदीला आलो की बिस्ट्रोत बसावं असं वाटतं. (१) महाराष्ट्रासारखं परमिट इथं लागतं काय? (२) गोव्यातनं येताना चांगली क्राफ्ट बिअर आणतो, ती बिस्ट्रोत नेऊन प्यालो तर? ग्लासाचं भाडं देऊ. (३) परत गाडी घेऊन जायचं असतं, एका ग्लासानं काय होतंय? — एक वाचक, चंदगड

परमिट इथं लागत नाही. तुमच्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा, म्हणून तुम्हाला ते कागद.

गोव्याच्या बाटलीचं डोक्यातनं काढून टाका. तिच्यावर ‘गोव्यातच विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं, ती शोभेला नव्हे. परवान्याशिवाय तिलारी घाटातनं चंदगडला आणा की चोर्ला घाटातनं बेळगावला, दोन्हीकडं गुन्हाच. कणकुंबीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात ती उगीच नाही. आणि बिस्ट्रोच्या टेबलावर गोव्याची बाटली अबकारी इन्स्पेक्टरला दिसली तर तुम्ही उठून हद्दीपलीकडं शिनोळीला जाल, लायसन जाईल ते त्याचं. आमच्याकडं एकानं पिशवीतनं अशी बाटली काढली होती. मी गल्ल्यावरनं उठून स्वतः ती पिशवी त्याच्या हातात दिली आणि दार दाखवलं, चांगलं गिऱ्हाईक होतं तरी. गोव्याची बिअर गोव्यातच प्या, तिथं ती ताजीही असते.

गाडीचं : रक्ताच्या १०० मिलित ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मोटार वाहन कायद्याची हद्द. पहिल्यांदा सापडलात तर १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाच टक्क्यांचा ३३० मिलिचा एक ग्लास अंगातनं जायला साधारण दीड-दोन तास लागतात, आणि कॉफी, ताक, लिंबूपाणी यांनी तो वेळ एक मिनिटही कमी होत नाही. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत रात्री पावसात वेंगुर्ला रस्त्यानं जाताना समोरनं मालाचा ट्रक डोळ्यांवर दिवे मारत येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकानं सोडाच प्यायचा आणि तो कोण, हे चंदगडातनं निघतानाच ठरवायचं. टेबलावर बसल्यावर ठरवायला गेलात तर कुणीच तयार होत नाही. नाहीतर पाहुण्यांकडं मुक्काम करा, बेळगावात पाहुणे नाहीत असा चंदगडकर मी अजून बघितला नाही.

श्रावणात बिस्ट्रोत जावं काय? — एक वाचक, वडगाव

जावं. टेबल लगेच मिळतंय, आचाऱ्याला वेळ असतो, आणि लिंबू सोडा त्यांच्याकडं बाराही महिने असतो. गटारीला मात्र जाऊ नका, त्या दिवशी गल्ल्यावरच्या माणसाला मान वर करायला सवड नसते, आणि ग्लास कसे धुतले जातात ते मला विचारू नका.